चढाकडे गेलेलं पाणी

मी आकड्यांचा माणूस. भूत, भानामती, अंगात येणं... कुणी असलं सांगायला लागलं की मी विचारतो, किती वाजता? किती जणांनी पाहिलं? त्यामुळे स्वतःचंही तसंच लिहितो — साल १९९६, महिना मे, वेळ दुपारी सव्वाबारा, माणसं तीन.

भिगवणच्या पुढे, उजनीच्या पाण्याकाठी टेकाडावर एक बंगला विकायला निघाला होता. पुण्याच्या मालकाने तो नव्याने करून घेतलेला — हॉलभर पांढरी संगमरवरी फरशी, ग्रॅनाइटचा ओटा, बाथटब, पाण्याकडे बावीस फुटी व्हरांडा. आम्ही बारामतीत दोन खोल्यांत राहणारी माणसं. वडगाव निंबाळकरचा वाटणीचा तुकडा विकला तर कसंबसं जमणार होतं. पण माझ्या बायकोचं, सुनंदाचं, मन त्या घरावर बसलं होतं. तिचं माहेरचं गाव धरणात गेलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. व्हरांड्यातून बोट दाखवून ती म्हणायची, "त्या तितं आमचं घर." तिथे नुसतं पाणी. लग्नाच्या अठरा वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

व्यवहाराआधी मी शेळगावच्या मारुतराव गवंड्यांना घेऊन गेलो. पारदर्शक नळीत पाणी भरून त्यांनी हॉलची लेव्हल काढली. उतार मागे, मोरीकडे — बारा फुटांत अर्धा इंच. अगदी हवा तसा.

"बेस काम हाय, आण्णा. आता तांब्याभर पानी वता, डोळ्यानं बगा. माज्यावर इस्वास न्हाय वाटतं तुमचा!"

सुनंदा व्हरांड्याच्या दारात धरणाकडे बघत उभी होती. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाने इतकं तापलेलं की तांब्या धरवत नव्हता. मी तो हॉलच्या मधोमध ओतला.

पाणी क्षणभर थांबलं... आणि सुनंदाकडे निघालं. चढाकडे! पसरलं नाही, वीतभर रुंद पट्टा थेट तिच्या टाचांपर्यंत गेला.

"नळीत हवा ऱ्हायली आसंल," मारुतराव हसले. पुन्हा मोजलं. तेच — अर्धा इंच, मोरीकडे. फरशी पुसून कोरडी केली.

"वैनी, जरा खिडकीपाशी उभ्या ऱ्हावा बरं."

दुसरा तांब्या ओतला. पाणी खिडकीकडे गेलं.

"आता सैपाकघराच्या दारात."

तिसरा तिकडे गेला. मारुतरावांचं हसू थांबलं. मी सुनंदाला रस्त्यावर गाडीपाशी पाठवलं आणि स्वतः तिच्या जागी उभा राहून चौथा ओतायला लावला. पाणी मुकाट मोरीकडे निघालं. माझ्याकडे थेंब आला नाही.

मारुतराव नळी गुंडाळू लागले. "आण्णा, बत्तीस वरसं फरशी बशिवतोय मी. चला हितनं."

पण सुनंदा परत आत आली होती. मोरीकडे चाललेलं पाणी वळलं आणि तिच्या पायांशी येऊन थांबलं. ती खाली बसली, पाण्यात तळवा टेकवला.

"किती गार हाय वो."

मघाशी माझा हात भाजत होता...

"ऊठ."

"बसा की घटकाभर."

"सुनंदा, ऊठ!"

"त्यात भ्यायचं काय? वळखीचं हाय."

दोनदा सांगूनही उठेना, तेव्हा मी तिला दंडाला धरून उठवलं. मला पाण्याची भीती वाटली नव्हती. तिला ती वाटत नाही, याची वाटली.

घर घेतलं नाही. तिला सांगितलं, फरशीचा उतार चुकलाय, पाया खचतोय.

"मारुतराव तर बेस म्हनले."

"त्यांना काय कळतंय?"

खोटं बोललो, आणि एका चांगल्या कारागिराचं नाव खराब केलं. त्यानंतर तिने माझ्याकडे काही मागितलेलं नाही.

बारामतीत ती समोर असताना मी मुद्दाम कितीदा तरी पाणी सांडून पाहिलं. उताराकडेच जातं. मग तिथे काय झालं? तीन वर्षं विचार करतोय, मला सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर जरूर लिहावं. घाई आहे, कारण गेल्या आठवड्यात कळलं की तो बंगला पुन्हा विकायला निघालाय. तिलाही कळलंय.

काल जेवताना तिने विचारलं, "उतार नीट करून घेतला आसंल का वो त्यांनी?"