लोणावळ्याचा पाऊस आणि मावशीच्या गाई

गेल्या सोमवारी लोणावळ्याला जाऊन आलो, आणि अजून डोकं तापलेलंच आहे...

मावळच्या पूर्व टोकाला, आमच्या सुदुंबऱ्यात ऐन श्रावणात धूळ उडतेय. विकतचं गवत सगळं लढाईवर जातंय, लष्कराच्या खेचरांना. सरकारी राखीव कुरण गुरांसाठी उघडा, एवढंच सांगायला मी आणि माझी मावशी अर्ज घेऊन लोणावळ्याला, प्रांतसाहेबांच्या मुक्कामी निघालो. मी गावचा शाळामास्तर, ती दोन गाईंची धनीण.

तळेगावला गाडीत बसलो तेव्हा ऊन होतं. कामशेत सुटलं आणि पाऊस लागला... लोणावळ्यात तर छत्री असून चिंब झालो.

साहेबांनी अर्ज पाहिला. म्हणाले, "मावळात पाऊस उत्तम आहे. तालुक्याची सरासरी बघा की."

सरासरी! अहो, लोणावळ्यात आभाळ फाटलं की ती वर चढते, आमच्या विहिरीचं पाणी नाही चढत. धरणांत एकूण पाणी किती येईल हे सांगायला ती चांगलीच. पण गुरं काय सरासरी खातात?

मावशी उसळलीच. "सायेब, माजी गाय हितं लोनावळ्यात चरत न्हाई. तिकडं येऊन बगा, मग बोला!"

मीही तावातावानं म्हटलं, "सगळ्या गावांचे आकडे चढत्या क्रमानं लावा आणि मधला घ्या. एकट्या लोणावळ्यानं तो हलणार नाही."

साहेबांनी लगेच लावून पाहिले. मधलं गाव निघालं वडगाव... आणि तिथं पाऊस बरा! "मास्तर, तुमचा आकडाही 'पाऊस बरा' असंच म्हणतोय," म्हणाले, आणि चक्क हसले.

असा संताप आला... त्यांचा, आणि माझ्या हुशारीचाही. मधला आकडा पुराला भुलत नाही हे खरं, पण टोकाला मरणाऱ्याकडंही तो बघत नाही. मी टेबलावर हात आपटला. "सगळ्यात जास्त कुठं आणि सगळ्यात कमी कुठं, ते शेजारीशेजारी लिहा. गावाच्या नावासकट!"

साहेबांचं हसू थांबलं. लिहिलं त्यांनी. एका बाजूला लोणावळा, शेजारी आमचं सुदुंबरं. मग म्हणाले, "पूर्वेकडच्या गावांपुरतं कुरण उघडतो."

हुकूम काल आला. मावशीची थोरली गाय परवाच गेली...

धाकटी आज सकाळी कुरणात सोडली. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी होती. साहेबांचे आभार मानायला हवेत, कळतं मला. मानीनही. पण आधी हा राग जरा निवू दे...