फ्लॉवरचा भात

जेवण झालं की बाई पर्समधून गोळ्यांची पट्टी काढायच्या, एक गोळी तळहातावर घ्यायच्या आणि पाण्याची बाटली शोधत तो उघडा तळहात सगळ्या स्टाफरूमभर फिरवायच्या. कुणी विचारलंच, "बरं नाही का बाई?" तर म्हणायच्या, "बरी आहे की. मनाची गोळी आहे ही. चालू आहे म्हणून तर बरी आहे." समोरचं माणूस ओशाळलं की त्या आणखी हसायच्या. "लपवायला काय चोरीचा माल आहे का?"

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. आपण जे सात पडद्यांआड ठेवतो, ते ही माणसं भर गॅलरीत वाळत घालतात. आपण वरवर म्हणतो, "काय बाई धीट!" आणि आतून पोटात दुखतं. माझं तर फारच दुखायचं. कारण बाईंच्या तळहातावरची गोळी आणि माझ्या घरी एका बिननावाच्या डबीत ठेवलेली गोळी एकच होती. तोच रंग, तोच आकार, मधली रेघसुद्धा तीच.

बाई आमच्या मीरा रोडच्या शाळेत गणित शिकवायच्या, मी मराठी. त्यांचं माहेर-सासर दोन्ही नांदेडकडचं, पण नवऱ्याच्या नोकरीमुळे नया नगरच्या पलीकडच्या गल्लीत राहायच्या. चहावाल्याशी त्यांची रोज हुज्जत चालायची, "भैया, शक्कर मत डालो बोला था ना?" आणि त्याच दमात आमच्याकडे वळून, "ह्याला काय सांगावं, गोड घातल्याबिगर ह्याचा हातच निघत नाही!"

माझं काय झालं होतं ते थोडक्यात सांगते. सकाळ झाली की मला रडू यायचं आणि का येतंय ते सांगता यायचं नाही. नवरा मला बोरिवलीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. मीरा रोड-भाईंदरला डॉक्टर नाहीत असं नाही, पण तिथे ओळखीची माणसं आहेत. परतताना तो म्हणाला, "आईला थायरॉईड सांगू. उगाच कशाला..." वाक्य त्याने पुरं केलं नाही आणि मीही करायला लावलं नाही.

थायरॉईड हा आमच्याकडे फार सोयीचा आजार आहे. केस गळोत, चिडचिड होवो, अंग सुटो, सगळं त्यात बसतं. पण मी सासूबाईंचा अभ्यास लक्षात घेतला नव्हता. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून त्या थायरॉईडमधल्या जाणकार झालेल्या. ही गोळी पहाटे उपाशीपोटी घ्यायची असते, हे त्यांनीच मला सांगितलं. मग डॉक्टरांनी जेवणानंतर सांगितलेली गोळी मी पहाटे रिकाम्या पोटी गिळायला लागले आणि पहिल्या तासाला मळमळत फळ्याकडे तोंड करून उभी राहायला लागले. वर धण्याचं पाणी. आणि कोबी, फ्लॉवर घरातून हद्दपार. थायरॉईडला चालत नाहीत म्हणे.

गोळीने मन ताळ्यावर आलं, हे मान्य करायलाच हवं. सकाळ पुन्हा सकाळसारखी वाटायला लागली. पण सोबत भूकही अशी सुटली की काही विचारू नका. ब्लाऊजचे हूक लागेनात, मग मी पंजाबी ड्रेसवर आले, मग त्याच्याही शिवणी उसवून घेतल्या. बाईंचंही तेच झालं होतं. फरक एवढाच की त्या शिवण उसवून आणली की सगळ्यांना दाखवायच्या.

शाळा सुरू झाल्या झाल्या एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, "आजपासून भात, पोळी, भाकरी, बटाटा, साखर बंद. डॉक्टरला विचारलंय. गोळी चालूच ठेवायची, वजनाचं खाण्यातून बघायचं." ज्वारीची भाकरी सुटणार म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तेही त्यांनी लपवलं नाही. मी वह्या तपासल्याचं नाटक करत सगळं ऐकून घेतलं आणि त्याच दिवसापासून तेच पथ्य सुरू केलं. मनातल्या मनात शर्यत लावली. समोरचीला पत्ताच नाही, त्यामुळे हरायची भीती नाही, असं मला वाटलं होतं.

बाईंचा डबा हा एक सोहळा असायचा. झाकणावर बोटाने टकटक करून त्या म्हणायच्या, "बघा, आज काय आणलंय ते!" आणि आत फ्लॉवरचा भात. फ्लॉवर किसायचा, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी द्यायची, शेंगदाणे, वरून लिंबू. स्टाफरूमभर वास सुटायचा. कधी कोबीची अंडं घालून केलेली धिरडी, कधी मेथी-पनीर. हे सगळं त्यांच्या सासूने सकाळी उठून केलेलं! माझ्या डब्यात पोळी आणि फरसबी. मी फरसबी खायचे आणि पोळ्या शाळेतल्या मावशींना द्यायचे, मग तासाभराने भुकेने जीव कासावीस झाला की बिस्किटांचा पुडा फोडायचे. रात्री घरी माशाचं कालवण. आम्ही मूळचे कोकणातले, त्यामुळे कालवण घ्यायचं आणि भात नको म्हणायचं म्हणजे घरात भांडणाला आमंत्रण. पुढे श्रावणात तर मासेही गेले. राहता राहिले कोबी-फ्लॉवर, आणि ते मी माझ्याच तोंडाने बंद करून घेतलेले.

महिन्याभरातच बाई उतरायला लागल्या. कुर्त्याची कड दोन बोटांत धरून बाजूला ओढायच्या, "बघा, एवढी जागा झाली!" सगळ्या म्हणायच्या, "अय्या, खरंच की!" मीही म्हणायचे. माझ्या 'अय्या'मध्ये किती मिरच्या होत्या ते माझं मला माहीत. गोळी तीच, पथ्य तेच, मग देवाने माप का बदललं? आनुवंशिक असेल, अशी मी समजूत घातली. कोल्ह्याचीही द्राक्षांबद्दल अशीच समजूत होती.

आषाढ पौर्णिमेला बाईंनी आम्हा दोघी-तिघींना घरी खिरीला बोलावलं. त्यांच्याकडे वर्षावासाची सुरुवात होती. विहारातून आलेली पाहुणेमंडळी बसली होती, पांढऱ्या लुगड्यातली सासू सगळ्यांना खीर वाढत होती. सुनेपाशी आली आणि अर्धीच वाटी भरून थांबली. कुणीतरी म्हणालं, "अहो, घाला की तिला!" तशी म्हातारी सगळ्यांच्या देखत खणखणीत आवाजात म्हणाली, "आमच्या सुनंची मनाची गोळी चालू हाय. त्यानं भूक लय लागती तिला. खीर एवढीच. तिच्यासाठी फ्लॉवर ठिवलाय." आणि मग बाईंना, "गोळी घेतलीस का गं?"

"जेवल्यावर घेते, आत्या."

कुणी चपापलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. एका पाहुणीने तर विचारलं, "कुठल्या डॉक्टरची? आमच्या पोराला दाखवायचंय." मी खिरीची वाटी खाली ठेवली. इतके दिवस मी बाईंच्या कमरेवर जळत होते. त्या दिवशी कळलं, कंबर तर किरकोळ गोष्ट होती. मला ती म्हातारी हवी होती. तो एक प्रश्न हवा होता, भर माणसांत, मोठ्या आवाजात विचारलेला.

गणपतीत आमच्या इंद्रलोकमधल्या सोसायटीने आरोग्य शिबिर ठेवलं. सासूबाईंनी मला हाताला धरून नेलं आणि रक्त द्यायला बसवलं. रिपोर्ट आला तेव्हा तिथला डॉक्टर म्हणाला, "थायरॉईड एकदम नॉर्मल आहे." कसा नसेल? सासूबाईंनी तिथूनच मंडपाकडे हात जोडले. घरी येऊन माझ्या तोंडात मोदक भरवला आणि म्हणाल्या, "बाप्पाने गुण दिला. आता ती गोळी बंद." मी नवऱ्याकडे बघितलं. तो मोदकाच्या पाकळ्या मोजल्यासारखा मोदकाकडे बघत बसला होता.

मी डबी कपाटात मागे सारली. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. गोळी गेली की भूक जाईल, भूक गेली की वजन जाईल, आणि दिवाळीपर्यंत मीही कुर्त्याची कड धरून दाखवीन. एवढंच डोक्यात होतं.

भूक गेली. पण सकाळसारखी वाटणारी सकाळही गेली. उठून बसायचं, दात घासायचे, एवढ्यानेच दमायला व्हायचं. मुलं वर्गात काय वाचतात ते कानावर पडायचं, आत पोचायचं नाही. कुणीतरी म्हणालं, "बारीक झालीस गं!" आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

एके दिवशी मधल्या सुट्टीत बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. डबा उघडला नव्हता.

"मॅडम, काय झालं?"

"कुठे काय?"

"आठवडा होत आला, तुम्ही माझ्या डब्याकडं बघना झालात."

मी एक वही पुढे ओढली.

"एरवी कसं बघता! डोळ्यांनीच अर्धा डबा संपवता माझा. मला काय कळत नाही व्हय? मी मुद्दाम झाकण वाजवते, तुम्ही बघावं म्हणून." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "गोळी सोडली का?"

"माझी थायरॉईडची..."

"थायरॉईडवाली माणसं माझ्या गोळीकडं असं बघत नसतात."

मला रडू आलं. बाईंनी रुमाल दिला नाही, माझा फोन माझ्या हातात दिला. "डॉक्टरला लावा. आत्ता. माझ्यासमोर. वजनाचं मागून बघता येतं, ते कुठं पळून चाललंय? पण आपल्या मनानं गोळी सोडायची नाही. मी एकदा सोडलेली आहे, मला विचारा." मी फोन लावला. डॉक्टरांनी त्याच दिवशी बोलावलं. बाई माझ्याबरोबर बोरिवलीपर्यंत आल्या आणि बाहेर बाकड्यावर बसून पेपर तपासत राहिल्या. गोळी पुन्हा सुरू झाली. पथ्याबद्दलही मी पहिल्यांदाच डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "करा, पण पोटभर खा, आणि गोळी जेवणानंतर. उपाशीपोटी कुणी सांगितली तुम्हाला?"

येताना बाई म्हणाल्या, "आता घरी सांगा."

"तुमच्या सासूसारखी सासू सगळ्यांना नसते," मी फटकन म्हटलं.

"तिला काय देवानं सांगितलं होतं? मी सांगितलं. आधी चार दिवस बोलली नाही माझ्याशी."

मी तरीही सांगितलं नाही. गोळी आता शाळेत घ्यायला लागले, बाईंच्या शेजारी बसून, पण मूठ मिटून. त्या माझ्या मुठीकडे बघायच्या आणि पाण्याची बाटली पुढे सरकवायच्या. जसजसे दिवस गेले, तसतसा त्यांचा डबा बघून माझा पुन्हा जळफळाट व्हायला लागला. तो व्हायला लागला याचा बाईंना केवढा आनंद! "आल्या, आल्या मॅडम जाग्यावर!" असं म्हणून झाकण वाजवायच्या.

दिवाळीच्या सुट्टीआधी कळलं, त्यांच्या नवऱ्याची नांदेडला बदली झाली. निरोपाला आम्ही त्यांना साडी दिली. त्यांनी मला एका पिशवीत काहीतरी दिलं. घरी येऊन बघते तर मोठ्या भोकांची किसणी, वापरून कडा झिजलेली.

सासूबाईंनी ती उलटसुलट करून बघितली. "घरात दोन किसण्या असताना ही तिसरी कशाला?"

"फ्लॉवर किसायला."

"तुला फ्लॉवर चालतो कुठे?"

"चालतो," मी म्हटलं. "मला थायरॉईड नाहीच. नव्हताच."

"मग ती गोळी?"

"मनाची होती. अजून चालू आहे." शब्द बाईंचाच होता. माझ्याजवळ दुसरा नव्हता.

सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. लेकाकडे बघितलं, "तुला माहीत होतं?" तो पंख्याकडे बघायला लागला. मग त्या माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता काहीतरी लागेल असं बोलणार. पण त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. "अगं, मी तुला रोज उपाशीपोटी गोळी घ्यायला लावत होते! धण्याचं पाणी पाजत होते! आणि वर बंद कर म्हटलं. मला कोण सांगणार होतं?" एवढं बोलून त्या आत गेल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. बाईंच्या सासूपेक्षा दोन दिवस कमी, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून खरखर आवाज आला. सासूबाई फ्लॉवर किसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आधी खाऊन घे. मग गोळी." आणि थोड्या वेळाने, "बिल्डिंगमध्ये मात्र थायरॉईडच राहू दे हं." मी हो म्हटलं. सगळं एकदम कसं मिळणार?

सुट्टी संपून शाळा उघडली. मधल्या सुट्टीत मी डबा काढला, झाकणावर टकटक केली आणि म्हटलं, "बघा, आज काय आणलंय ते!" वास सुटला, एक-दोघींनी माना वर केल्या आणि पुन्हा वह्यांत घातल्या. बाईंच्या खुर्चीवर नवीन सर बसले होते. ते म्हणाले, "उपमा का?" जेवून झाल्यावर मी गोळी तळहातावर घेतली आणि मूठ न मिटता पाणी शोधायला उठले. त्यांच्यासारखा सगळ्या खोलीभर फेरा मारायला जमला नाही, पण टेबलाच्या त्या टोकापर्यंत गेले.

बाईंना डब्याचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "फोडणी कमी पडायलीय. सासूला सांगा." वजन माझं उतरतंय, हळूहळू, फार नाही. त्यांचं म्हणे पुन्हा जरा वाढलंय, कारण नांदेडला गेल्या गेल्या आत्यांनी ज्वारीची अर्धी भाकरी परत सुरू केली. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता.

पण रोज मधल्या सुट्टीत माझ्या डोळ्यांसमोर नांदेडची एक स्टाफरूम येते. बाई झाकण वाजवतायत आणि समोर कुणीतरी बसलीय, जी चोरून त्या डब्याकडे बघतेय. ती कोण आहे मला माहीत नाही. पण तिचा मला फार, फार हेवा वाटतो.