पाटाची कड

मेस्त्रीकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्कशॉपमध्ये थर्माकोलचा दगड रंगवत होते. एका शाळेच्या नाटकासाठी डोंगराचा कडा हवा होता. फोनवर काकांची मुलगी मृणाल होती. ती एरवी माझ्याशी अर्धं इंग्रजी बोलते, वाक्याच्या शेवटी इथल्या लोकांसारखं 'लाह' लावून; त्या दिवशी मात्र सरळ मराठीत म्हणाली, "ताई, बाबा गेले." मी "बरं" म्हणाले. का म्हणाले ते मला अजून कळत नाही. फोन ठेवला आणि दगड पुरा रंगवला, कारण ओला रंग अर्ध्यावर सोडला की जोड दिसतो. हे त्यांनीच शिकवलं होतं. मग हात धुताना नळाखाली पाणी कितीतरी वेळ नुसतंच वाहत राहिलं...

त्याच आठवड्यात मी त्यांना हॉस्पिटलमध्ये भेटून आले होते. न्यूमोनिया उतरतोय असं डॉक्टर म्हणत होते. काकांनी पलंगावरचं जेवणाचं टेबल पुढे ओढलं आणि त्यावर टिचकी मारली. "बघ गो पेणकरणी, साग म्हणे! छापलेला कागद आहे. गाठ बघ, दर वितीवर तीच गाठ. झाडाला एवढी शिस्त असते का?" हसले आणि खोकत राहिले. पाणी दिलं. थोड्या वेळाने डोळे मिटूनच म्हणाले, "तुझ्या काकीला अधूनमधून जेवायला बसव. एकटी जेवत नाही ती." मी "हो" म्हटलं. इतकी साधी गोष्ट सांगितली होती त्यांनी. ती नीट कळायला मला केवढा वळसा पडला, तेच लिहायला बसले आहे.

मी पेणची. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा आठवीत होते. शाळा सुटली आणि गणपतीच्या कारखान्यातली त्यांची जागा मी धरली. लग्नानंतर नवरा इथे, परदेशात, शिपयार्डमध्ये सुपरवायझर झाला आणि आम्ही क्लेमेंटीत एका फ्लॅटमधली एक खोली भाड्याने घेतली. शेजारच्या खोलीत पीएचडी करणारी मुलं. इथल्या मराठी मंडळातल्या बायका मनाने चांगल्या, पण बोलता बोलता कुणी "तुझं ग्रॅज्युएशन कुठलं गं?" म्हणालं की मी चहाचे कप आत न्यायला उठायचे. त्या वर्षी मंडळाची मूर्ती पेणहूनच आली होती आणि वाटेत तिची करंगळी तुटली. सगळे हळहळत उभे. मी हात जोडले, पदर खोचला आणि करंगळी जोडून दिली. मखर बांधायला आलेले एक उंच, पोक आलेले गृहस्थ शिडीवरून बघत होते.

"कारखान्यात होतीस?"

"हो."

"नुसतं रंगकाम, की आखणी?"

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. ते काम सगळ्यांच्या हाती देत नाहीत. मी म्हटलं, "आखणी."

"मग इथे कप काय विसळत बसलीस? शनिवारी तोआ पायोहला ये."

तिथे एका इंडस्ट्रियल बिल्डिंगमध्ये त्यांचं वर्कशॉप होतं. काका मूळचे मालवणकडचे. गिरगावात नाटकांचे सेट ठोकत वाढले, मग जहाजावर सुतार होते आणि तिथून इथल्या टीव्ही स्टुडिओत आले ते कायमचे. निवृत्तीनंतर शनिवारी ते शिकवायचे. नाटक-सिनेमाचे सेट कसे उभे करायचे, आणि प्रॉप्स, म्हणजे नटांच्या हाताळणीतल्या वस्तू, कशा बनवायच्या. पॉलिटेक्निकमधली पोरं त्यांना "अंकल" म्हणायची. मला ड्रॉइंगवरचं इंग्रजी वाचता येईना.  वाटलं, आता विचारतील, कितवी शिकलीस? काकांनी विचारलंच नाही. एक लाकडी पट्टी घेतली, तिच्यावर दाराची उंची, चौकटीची रुंदी, फळीची जाडी पेन्सिलीने मारून दिली आणि म्हणाले, "ही काठी लावायची आणि कापायचं. आमच्या आज्याकडे कुठे आकडे होते?" दुसऱ्या शनिवारी सगळ्याच पोरांच्या हातात एकेक काठी होती. मला एकटीला वेगळं पाडायचं नाही, एवढं त्यांनी बघितलं होतं... त्यांचे उपकार आठवायचे तर मला हीच काठी आठवते. पुढे माझ्या कामाची परवानगी निघाली, त्यासाठी केलेले हेलपाटे नंतर आठवतात.

पण काम मला जमेना. पेणला आम्ही आयुष्यभर एकच शिकलो होतो. वस्तू नवी दिसली पाहिजे, डाग नको, ओरखडा नको. इथे उलटं. पहिलं काम मिळालं ते एका नाटकातल्या न्योन्या, म्हणजे इथल्या जुन्या चिनी-मलय घराण्यातल्या, आजीच्या पानाच्या डब्याचं. मी जीव ओतून रंगवला. काकांनी डबा फिरवून फिरवून बघितला.

"दुकानातून आत्ताच आणलास?"

"नाही काका, मीच..."

"ते कळलं. पण ह्यात आजी कुठाय? म्हातारी रोज हा उघडते. कुठल्या बोटाने?"

 त्यांनी माझ्या हातांना खडूची पूड फासली आणि म्हणाले, "आता तूच हो ती म्हातारी. बस खाली, पान लाव." सगळ्यांसमोर मी मांडी घालून डबा उघडत-मिटत राहिले आणि पोरं हसत राहिली. मग त्यांनी डबा उजेडाला धरला. झाकणाच्या एका कोपऱ्यावर अंगठ्याचा पांढरा ठसा पुन्हा पुन्हा उमटला होता. "रंग इथे उडव. बाकी ठिकाणी हात लावू नकोस. वस्तू म्हातारी होत नाही गो, तिला माणूस म्हातारी करतो." पुढे ते आम्हाला बंबोटीने, म्हणजे छोट्या मोटारबोटीने, पुलाउ उबीन बेटावर घेऊन गेले. लोक तिथे सायकली भाड्याने घेतात, आम्ही कंपाँगातल्या, म्हणजे जुन्या मलय वाडीतल्या, एका घराचा उंबरठा बघत उन्हात बसलो. कुठे पाय पडून झिजलाय, दाराची कडी कुठे गुळगुळीत झालीय. घरातली म्हातारी बाहेर येऊन काकांशी मलयमध्ये भांडली, मग तिनेच सगळ्यांना नारळाचं पाणी दिलं.

आणखी एक दिवस विसरता येत नाही. एका मुलाने रबराची मँगोस्टीन, ते जाड सालीचं जांभळं फळ, बनवली होती, इतकी हुबेहूब की बघत राहावं. गंमत म्हणून त्याने ती जेवणाच्या टेबलावर वाटीत ठेवली. झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्या आंटीने ती उचलली, सोलायला नख लावलं. पोरं खो-खो हसली. आंटीही ओशाळून हसली. काका मात्र इतके तापले की मी भिंतीला टेकले. "प्रेक्षक तिकीट काढून फसायला येतो," ते इंग्रजीत म्हणाले आणि मग मला मराठीत पुन्हा सांगितलं, "त्याला ठाऊक असतं, म्हणून आपला धंदा प्रामाणिक. हिला ठाऊक होतं का?" त्या मुलाने आंटीला खरी मँगोस्टीन आणून दिली तेव्हा कुठे वर्ग पुढे सुरू झाला.

काका गेल्यावर दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले आणि एक दिवस मृणालचा फोन आला. आवाज रडवेला.

"ताई, आई जेवतच नाही. प्लेट घेते आणि उभी राहते. पाट कुठाय, पाट कुठाय, सेम थिंग. मला काय माहीत लाह! आय थॉट जुनी फळी आहे."

काकींना गेली दोनेक वर्षं विसरायला होतंय; काका गेल्याचंही कधी आठवतं, कधी नाही. काका घरी जेवायला नेहमी जमिनीवर, पाटावर बसत. फणसाच्या लाकडाचा पाट, गावाहून आणलेला. काका गेल्यावर घराला रंग द्यायचा म्हणून मृणालने त्यांनी पलंगाखाली आणि कॉरिडॉरमध्ये जमवलेलं लाकूडसामान उचलून न्यायला माणसं बोलावली. त्यात भिंतीला टेकवलेला पाटही गेला. "यू कॅन मेक, राइट? एग्झॅक्ट सेम," ती म्हणाली. "आईला कळणार नाही. प्लीज, ताई."

आईला कळणार नाही... तेच तर. मी हो म्हटलं आणि माझी झोप गेली. ज्यांनी रबराच्या मँगोस्टीनवरून वर्ग थांबवला, त्यांच्याच बायकोला त्यांनीच शिकवलेल्या हातांनी फसवायचं? पण काकी वाळत चालल्या होत्या. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "औषध गुळातून देतातच की." ते पटलं नाही आणि खोडताही आलं नाही. शेवटी लाकूड आणायला गेले.

फणस मिळाला नाही, त्याच्या जवळच्या रंगाचं लाकूड मिळालं. काकांच्या जेवतानाच्या जुन्या फोटोंत पाटाचा कोपरा दिसत होता, त्यावरून माप काठीवर घेतलं. सगळ्या कडा सारख्या घासल्या, तारेच्या ब्रशने रेषा उठवल्या, चहाच्या पाण्याचे हात दिले, वर पातळ रंग पुसला. जुन्या लाकडाला चकाकी नको म्हणून पक्कं पॉलिश केलं नाही. मग अंगाला खडू लावला आणि काकांसारखी बसले. डावा गुडघा दुखायचा, म्हणून ते उजवीकडे भार टाकून बसत. उठताना पुढच्या कोपऱ्यावर हात टेकत. जिथे ठसे उमटले तिथे झिजवलं. काम संपलं तेव्हा पाटाकडे बघून मला रडू आलं. काका नुकतेच उठून हात धुवायला गेलेत असं वाटत होतं. इतकं चांगलं काम मी आजवर केलं नव्हतं, आणि त्याची इतकी भीतीही कधी वाटली नव्हती.

दुपारी तोआ पायोहला काकांच्या घरी गेले. काकी तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. ते त्यांचे हात विसरलेले नाहीत. मृणाल गॅसपाशी उभी होती. मी पाट त्याच भिंतीला, त्याच जागी टेकवला.

"मिळाला?" काकी वळून म्हणाल्या.

"हो आई, मिळाला," मृणाल घाईने म्हणाली. मी खाली बघितलं.

काकी पिठाच्या हातांनीच आल्या आणि वाकून पाट उचलला. उचलता उचलता थांबल्या. त्यांचा अंगठा कडेवरून पुढे-मागे फिरत होता, काहीतरी शोधत होता. वरच्या झिजेकडे, माझ्या सगळ्या कारागिरीकडे, त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पाट खाली ठेवला. त्याच्या कडेवर पिठाचा ठसा उमटला होता. वर अंगठा, खाली चार बोटं. तिथे मी केलेली एकही झीज नव्हती. कड कोरी होती... मला एकदम कळलं. पाटावर बसायचे काका. पण तो रोज मांडायचा आणि उचलून भिंतीला लावायचा तो हात काकींचा. वस्तूला कुणाचा हात लागतो, हे विचारायला मी शिकले होते, आणि तेच विचारायचं राहिलं होतं.

"हा नाटकातला आहे," काकी म्हणाल्या.

"नो लाह आई, हा आपलाच—"

"गप बस. नाटकवाल्याची बायको आहे मी." मग माझ्याकडे वळल्या. "तू केलास?"

"हो, काकी."

"चांगला केलास." त्या पाटाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे... ते गेले ना?"

मृणालने तोंड फिरवलं. मला वाटलं, जमीन दुभंगावी. ज्या दुःखातून त्या जरा सुटल्या होत्या, त्यात मीच त्यांना पुन्हा ढकललं होतं. पण खोटं बोलणं त्या क्षणी शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "हो, काकी."

 तव्यावरून करपल्याचा वास आला. "भाकरी बघ गो," त्या मृणालला म्हणाल्या. मग मला, "बस."

"मी? काकांच्या जागी..."

"मग काय शोभेला आणलास?"

मी बसले. गुरूच्या जागेवर बसायचं म्हणून अंग चोरून, अर्धीच. काकींनी ताट वाढलं, आपलंही घेतलं आणि समोर भिंतीला टेकून बसल्या. एक घास, मग दुसरा. करपलेली भाकरी त्यांनी स्वतःला घेतली होती. हॉस्पिटलमधलं बोलणं मला तेव्हा ऐकू आलं. काकांनी पाट कुठे मागितला होता? जेवायला बसव म्हणाले होते, एवढंच. मी वस्तू बनवणारी, मला वस्तूच सुचली.

तेव्हापासून जमेल त्या दुपारी मी जाते. काही दिवशी काकींना सगळं आठवतं आणि त्या मुकाट्याने जेवतात. काही दिवशी पाट मांडून विचारतात, "आज उशीर होणार का ह्यांना?" त्यावर हो म्हणू की नाही, ते मला अजून ठरवता येत नाही. "तुम्ही बसा, मी बसते," एवढंच म्हणते. नवऱ्याच्या पासची, म्हणजे इथे काम करायच्या परवान्याची, मुदत जवळ आली आहे. माझं इथे राहणं त्याच्या पासवर. तो वाढला नाही तर पेणला परत, आणि मग त्या पाटावर कोण बसेल, हा घोर रोज लागलेला असतो. मृणाल म्हणते, मी जमिनीवर बसायला शिकते, ताई. शिकते आहे. पाय अवघडले की ओरडते आणि काकी हसतात.

काल पाट उचलायला गेले तर काकींनी हात बाजूला केला. ते काम त्या कुणाला करू देत नाहीत. त्यांनी तो भिंतीला लावला तेव्हा उजेडात कड दिसली. रोजच्या ओल्या, पिठाच्या हाताने तिथला माझा चहा, माझा रंग निघत चालला आहे. अंगठ्याएवढ्या जागेत खालचं कोरं, फिकट लाकूड दिसायला लागलं आहे. "ताई, तेवढं टच-अप करून टाक ना," मृणाल म्हणाली. रंगाचा डबा माझ्या पिशवीतच होता. मी पिशवी उघडली नाही.