पांढरी अक्षरं

शाळा बंद पडली आणि सुधावहिनींची ग्रंथपालाची नोकरी गेली. बावीस वर्षं मुलांना वाचायला लावलं, हे त्यांनी अर्जात मोठ्या हौसेनं लिहिलं होतं. पण अर्ज आधी कॉम्प्युटर चाळतो आणि त्याला जाहिरातीतलेच शब्द लागतात. मग 'डेटा मॅनेजमेंट', 'टीम लीडर' असले शब्द मी पानाच्या तळाशी पांढऱ्या रंगात टाकले. माणसाला ते दिसत नाहीत, कॉम्प्युटरला दिसतात. तिसऱ्या दिवशी मुलाखतीचं बोलावणं आलं.

"भावजी, माझं काम आवडलेलं दिसतंय त्यांना," वहिनी म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो.

त्या समाधानानं मुलाखतीची साडी काढायला आत गेल्या. त्या कॉम्प्युटरची किळस मला आधीच आली होती. आता स्वतःच्या बोटांचीही आली.