परसातलं प्लास्टिकचं गवत

मागच्या अंगणात प्लास्टिकचं गवत घालायचं ठरवलं, तेव्हा शेजारच्या आंटीने कुंपणावरून विचारलं, "काय अंकल, बकरी पाळताय का? तिला आधीच सांगा, हे खायचं नाही म्हणून!" सगळी खोताची वाडी हसली. हसू दे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने घरामागे गोल्फचं मैदान काढायचं म्हणजे म्हातारचळच. पण मला कुठे गोल्फ खेळायचा होता? मला मुलगा घरी राहायला हवा होता.

तो कॅनडात असतो. तीन वर्षांपूर्वी त्याच्या आईला ताप आला. फोनवर त्याने विचारलं, निघू का? मी म्हणालो, "कशाला? नुसता ताप आहे. उगाच धावत येऊ नकोस." सहाव्या दिवशी ती गेली. तो पोहोचला तेव्हा आम्ही स्मशानातून परत येऊन, आंघोळी करून बसलो होतो. त्याने मला एक शब्द विचारला नाही.

त्यानंतर तो दोनदा मुंबईला आला आणि दोन्ही वेळा हॉटेलात उतरला. घरी यायचा तो पाहुण्यासारखा. बाहेरच्या खोलीत अर्धा तास, चहा, घड्याळाकडे नजर. मागच्या अंगणात तर पाऊलच नाही. तिथे त्याच्या आईचा धुण्याचा दगड आहे. लहानपणी ती याला त्याच दगडावर बसवून आंघोळ घालायची, आणि साबण डोळ्यांत गेला की हा अख्खी वाडी डोक्यावर घ्यायचा.

मी काय डॉक्टर होतो? हे वाक्य मी तीन वर्षं बोलतोय. नातेवाइकांशी, दाढी करताना आरशाशी, भाजी चिरताना सुरीशी. त्याच्याशी मात्र कधीच नाही. रविवारी त्याचा फोन यायचा. तिकडे बर्फ, इकडे उकाडा, बरं ठेवतो.

व्हॉट्सॲपवर त्याचे सगळे फोटो गोल्फचे. आता तो पुन्हा मुंबईला येणार होता. म्हटलं, चला, हेच आमिष लावू.

लालबागहून गवंडी आणला. जुन्या फरशा उखडायच्या, बारीक खडी घालून चोपायची, वर हिरवा गालिचा आणि एका टोकाला चेंडू पडायला भोक, एवढंच काम. दगड मध्ये येतो म्हणून तो काढायला निघाला, तर मी त्याच्या अंगावर ओरडलो. दगड हलणार नाही म्हणजे नाही.

संध्याकाळी त्याने बादलीभर पाणी ओतून दाखवलं. पाणी सरसर कोपऱ्यात दगडापाशी गेलं आणि मोरीत उतरलं. "काका, पाण्याचो एक थेंब रवाचो नाय हय!" केवढा अभिमान! जन्मभर मोऱ्या आणि गच्च्या बांधलेला माणूस, उतार दिल्याशिवाय त्याचा हात थांबतोय होय? मी कपाळावर हात मारून घेतला. पण गालिचावाले दुसऱ्या सकाळी येणार होते आणि मुलाचं विमान दोन दिवसांवर होतं. तसंच राहिलं.

गालिचा घातल्यावर फोटो पाठवला. "बाबा, हे काय?" असं उत्तर आलं. मग तासाभराने, "दोन दिवस घरी राहतो."

आला. सकाळी गोल्फची काठी घेऊन मागे गेला. मी चहा ठेवून स्वयंपाकघराच्या दारातून बघत होतो. पहिला चेंडू सरळ निघाला, भोकाजवळून वळला आणि दगडाला जाऊन टेकला. दुसराही तिथेच. तिसराही.

"हा उतार कुणी दिला हो?"

"लालबागने."

तो हसला. तीन वर्षांत पहिल्यांदा. पण चेंडू परत घेताना लांब उभा राहून काठीनेच ओढायचा. एक चेंडू दगडाच्या मागे गेला, तेव्हा काठी पुरेना. मग जावं लागलं. वाकला, चेंडू उचलला आणि सरळ झालाच नाही. बसला दगडावर. पन्नाशीला आलेला माणूस, गुडघे पोटाशी घेऊन.

"बाबा, मला बोलवायचं होतंत."

मी काय डॉक्टर होतो, हे अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. म्हणालो, "हो. चुकलो मी. ती विचारत होती, येतोय का म्हणून. मी तिलाही म्हटलं, कशाला उगाच."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तो रडला. मी जाऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस विरळ झालेत त्याचे. मला ठाऊकच नव्हतं.

दोन दिवसांनी तो गेला. मला वाटलं होतं, आता जरा हलकं वाटेल. कसलं काय! दोन दिवस घरात बोलणारं माणूस होतं, त्यामुळे घर आता जास्तच खायला उठतं. काठी तो इथेच ठेवून गेलाय. संध्याकाळी मी वीस चेंडू मारतो, वीसही स्वतःच जाऊन आणतो. आंटी कुंपणावरून बघते, पण बकरीचं काही बोलत नाही.

परवा गवंडी उतार काढून द्यायला आला होता. चहा पाजून परत पाठवला.

रविवारी फोन आला. बर्फाचं झालं, उकाड्याचं झालं. मग त्याने विचारलं, "आज किती गेले, बाबा?"

"विसातले दोन."

"आणि बाकीचे?"

"आईकडे."

फोन कुणीच ठेवला नाही, बराच वेळ.