साडूंच्या प्लेटांवरची सावली

सूर्य ही आपल्या खाजगी मालकीची वस्तू आहे असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे आमचे मोठे साडू. अमडापूरला त्यांची वाईनच्या द्राक्षांची बाग आहे, पण वाईनचा थेंब त्यांनी कधी चाखला नाही. कुणी डिवचलं तर म्हणतात, "नांगर बनवनारा सोता नांगर ओढते काय?" विजेच्या लहरीपणाला कंटाळून त्यांनी सोलर पंप बसवला आणि त्या दिवसापासून सावलीशी त्यांचं हाडवैर सुरू झालं. स्वतःचा चष्मा कधी पुसत नाहीत, पण सोलरच्या प्लेटा रोज सकाळी उपरण्याने पुसतात. काच फुटेल म्हणून कावळ्यांना दगड मारत नाहीत, हात जोडून विनवतात. पाहुण्याला चहाच्या आधी सूचना मिळते, "साडूभाऊ, जरा तिकडं सरका. एका प्लेटीवर सावली पडली का साऱ्याइची ताकद जाते." मी सरकतो, माझं पोट जरा मागाहून येतं.

एका एप्रिलात, खरड छाटणीनंतर वेलींना कोवळी फूट आलेली असताना, रोज दुपारी पाण्याची धार बारीक होऊ लागली. फूट करपली तर पुढचं पीक गेलं. साडूंनी पंप दोनदा उघडला, जेवण सोडलं, शेवटी चिखलीहून मेकॅनिक आणला. तो गडी पंपाला हातही न लावता सरळ प्लेटांच्या मागच्या रांगेत गेला. तिथे दोन प्लेटांवर धुतलं लुगडं अंथरून ताईंनी, म्हणजे साडूंच्या पत्नीने, कुरडया वाळत घातल्या होत्या.

"एवढी साफ जागा गावात हाय काय कुठं?" ताई शांतपणे म्हणाल्या. "तुम्हीच तं पुसून ठेवता रोज."

 साडू एक ओली कुरडई तोंडात टाकून विहिरीकडे निघून गेले.

यंदा ताईंचे गुडघे गेले. शेतात येणं बंद झालं. मी गेलो तेव्हा भर दुपारी धार जोरात पडत होती आणि साडू तिच्याकडे पाठ करून बसले होते. थोड्या वेळाने उठले, पिशवीतून लुगडं काढून मागच्या प्लेटीवर अंथरलं आणि घरून आणलेल्या कुरडया एकेक करून मांडल्या. धार बारीक झाली.

"घरी गच्चीवर वाळल्या असत्या की," मी म्हणालो.

"पुढच्या साली शेतात येईन म्हनते तुमची ताई," ते घराकडे बोट दाखवत म्हणाले. "जागा राखून ठेवा लागते."

 सवयीने मी प्लेटांपासून बाजूला सरकलो.

"राहू द्या, साडूभाऊ," ते म्हणाले. "उभे राहा इथंच."