माझ्यासाठी आणलेली वायर

मालकाने माझा पेन ड्राइव्ह पकडीने ओढून काढला.

हाताने नाही. पकडीने. तारा तोडायची, ग्रीसने काळी झालेली पकड. पेन ड्राइव्ह मागाच्या पॅनेलला लावलेला होता, नक्षीची फाइल आत जात होती, पडद्यावरची हिरवी पट्टी अर्ध्यावर आली होती. त्याने तो पकडीत धरून उपटला, हात लांब केला आणि माझ्या पायाशी टाकला. मेलेला उंदीर टाकतात तसा.

खंडेनवमी होती. मागांची पूजा नुकतीच झालेली. प्रत्येक मागाला झेंडूचं तोरण, हळदीकुंकवाची बोटं, पुढ्यात फुटलेला नारळ. सगळे कामगार हातात प्रसाद घेऊन उभे होते. त्या सगळ्यांच्या समोर मालकाने पूजेच्या ताटातली गोमूत्राची बाटली उचलली, विड्याच्या पानाने पॅनेलवर शिंपडलं. मग ज्या भोकात माझा पेन ड्राइव्ह होता तिथे पुन्हा शिंपडलं. इलेक्ट्रॉनिक माग. परदेशातून आणलेला. आत ओल गेली तर बंद पडेल, याची त्याला भीती नव्हती. भीती माझ्या बोटांची होती.

प्रसादाचं खोबरं चावल्याचे आवाज तेवढे येत होते.

मी डिझायनर होते. सोलापूरच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात टॉवेल आणि चादरी निघायच्या. मी वरच्या खोलीत कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, पेन ड्राइव्हवर घ्यायची, खाली येऊन मागाच्या पॅनेलला लावायची. नक्षी मागात उतरली की माग ती जशीच्या तशी विणतो. मी काढलेला मोर कापडावर उमटताना पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी तिथेच रडले होते. आमच्या घरात कुणी माग चालवला नव्हता. आमच्या घरात कुणाला माग चालवू दिला नव्हता.

मालकाची जात मी सांगत नाही. तुम्हाला हवी ती लावा. गोष्ट बदलत नाही.

सुरुवातीला मी पेन ड्राइव्ह थेट पॅनेललाच लावायची. मालक ‘मॅडम’ म्हणायचा. कौतुक करायचा. आडनावावरून त्याला माझा पत्ता लागला नव्हता, कारण आमचं आडनाव गावावरून आहे, कुणालाही चालतं तसं. मग मी चौदा एप्रिलची सुट्टी मागितली.

“चौदा तारखेची?” त्याने विचारलं. “का?”

“जयंती आहे.”

“अस्सं.” एवढंच म्हणाला. सुट्टी दिली.

सुट्टीहून परत आले तर मागाच्या पॅनेलमधून एक वायर बाहेर आलेली. यूएसबीची एक्स्टेन्शन केबल. एक टोक पॅनेलमध्ये, दुसरं टोक लांब नेऊन खांबाच्या खिळ्याला अडकवलेलं. मागाभोवती जमिनीवर पिवळा पट्टा मारलेला असतो, त्याच्याही बाहेर.

“मॅडम, आता तुम्हाला आत वाकायला नको,” मालक म्हणाला. “हितंच लावायचं. तुमची सोय केलीय. अन् सारखं काढघाल केलं की पॅनेल खराब होतं.”

मी त्याला थँक्यू म्हणाले. हे मला आजही झोंबतं. थँक्यू म्हणाले मी.

कप वेगळा ठेवला असता तर मी त्याच दिवशी ओळखलं असतं. कपाची गोष्ट आम्हाला पाठ आहे. वरून ओंजळीत ओतलेल्या पाण्याची गोष्ट पाठ आहे. वायरीची गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती.

वायर स्वस्तातली होती. लांब होती. फाइल तिच्यातून जाता जाता मध्येच अडकायची. कधी पॅनेल पेन ड्राइव्ह ओळखायचंच नाही, कधी अर्धी नक्षी उतरायची. माग बिचारा जेवढं मिळेल तेवढं विणायचा. मोराला पिसारा यायचा, मान यायची नाही. कमळाच्या पाकळ्या मधूनच कापल्यासारख्या. कापड वाया जायचं आणि मालक मला खाली बोलावून घ्यायचा. सगळ्या मागांच्या मधोमध उभं करायचा, मानमोडका मोर माझ्या अंगावर फेकायचा.

“ही तुमची नक्षी? डिग्री कोट्यातनं आणली की अक्कलसुद्धा तितनंच आणली?”

मी मान खाली घालून ऐकायची. वर जाऊन फाइल पुन्हा पुन्हा तपासायची. फाइल चांगली असायची. तरी मला वाटायचं, माझंच चुकत असणार. माणसाला रोज मूर्ख म्हटलं की एक दिवस तो आपल्या डोळ्यांवरही विश्वास ठेवत नाही. मी नवा पेन ड्राइव्ह घेतला. रोज व्हायरस तपासू लागले. मोराची मान जाड केली, वेडीच मी, की जाड असली तर तुटणार नाही.

तो माग मल्लेशमामा चालवायचे. जुने विणकर. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी. एके दिवशी माझा उतरलेला चेहरा बघून ते माग पुसता पुसता हळूच म्हणाले, “ताई, तुमच्या फाइलीत काय न्हाई. घोळ वायरीत हाय. मालकाचा भाचा नक्षी आणतो की, त्याचं कुटं तुटतंय? तो वायर काढून सीधा मशीनला लावतो.”

खरंच होतं. मालकाचा भाचाही डिझायनर होता. तोंडात मावा, बोटांना चुना. त्या बोटांनी तो थेट पॅनेलला पेन ड्राइव्ह लावायचा. मी रोज बघत होते. बघत होते आणि मला दिसत नव्हतं.

मला आनंद झाला, सांगते. चूक माझी नव्हती! मी धावत मालकाकडे गेले. “सर, वायर खराब आहे. वायर काढून थेट लावलं की नक्षी तुटणार नाही.”

त्याने मोबाइलमधून मान वर केली नाही. “वायर राहू दे,” म्हणाला.

तरीही मला कळलं नाही. वाटलं, कामात आहे, ऐकलं नसेल.

मग खंडेनवमी आली. पूजा झाल्यावर प्रत्येक मागावर एक तरी नग विणायचा, तो शकुनाचा. तो तुटका निघाला तर वर्ष वाईट जातं म्हणतात. आमच्या मागावर माझा नवा मोर जाणार होता, दिवाळीच्या मोठ्या ऑर्डरीचा, रात्री घरी बसून काढलेला. मला वाटलं, आज तरी मान तुटू नये. मालकाचा शुभदिवस आहे. म्हणून मी खिळ्यावरची वायर सोडली, पट्टा ओलांडला, वायरीचं टोक पॅनेलमधून काढलं आणि पेन ड्राइव्ह स्वतःच्या हाताने पॅनेलला लावला. त्याच्या भल्यासाठी लावला.

पुढचं तुम्हाला सांगितलं. पकड. गोमूत्र. पायाशी पडलेला पेन ड्राइव्ह.

सांगायचं राहिलं ते हे. मी म्हणाले, “सर, वायरीने नक्षी तुटते. मी तुम्हाला सांगितलं होतं.”

“मला म्हाईत न्हवतं व्हय?” तो ओरडला. “पयल्या दिवसापासनं म्हाईत हाय. वायर तुज्यासाठीच आणली हुती. पूजेचा माग हाय हा. तुमच्या लोकांनी लांबनं काम करायचं, लांबनं.”

मॅडमची ‘तू’ झाली. ‘तुमचे लोक’ झाले.

त्या क्षणी सगळं एकदम माझ्यापुढे उभं राहिलं. चौदा एप्रिल. खिळा. पिवळा पट्टा. ती सोय. ते थँक्यू. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ताग्यावर तागे वाया जात होते ते त्याला चालत होतं. माझा हात चालत नव्हता. आणि वाया गेलेल्या प्रत्येक ताग्यासाठी तो मलाच नागडं करत होता. धंदेवाला माणूस पैशासाठी कुणाचंही पाणी पितो म्हणतात. खोटं आहे. जात पैशापेक्षा महाग असते.

“उचल,” तो म्हणाला. “वायरीला लाव. शकुनाचा नग खोळंबलाय.”

मी वाकले. पेन ड्राइव्ह उचलला, ओढणीने पुसला. सगळे बघत होते की आता ही खांबाकडे जाणार. मी पर्स उघडली, पेन ड्राइव्ह आत टाकला, चेन लावली.

“नक्षी माझी आहे,” मी म्हणाले. “थेट लावीन. नाहीतर लावणार नाही.”

“माजलीस व्हय गं?”

मी पर्स खांद्याला अडकवली. बाहेर आले. फाइल अर्धीच गेली होती, आणि मोराची फाइल दुसरीकडे कुठेच नव्हती, घरच्या कॉम्प्युटरशिवाय. तोरण लावलेला, नारळ फोडलेला तो माग त्या दिवशी उभाच राहिला.

वस्तीतली पोरं म्हणाली, केस कर. मी मल्लेशमामांच्या घरी गेले. साक्ष द्याल का? त्यांनी मला आत बसवलं, चहा दिला, आपल्याच कपातला. आणि म्हणाले, “पोटाचं बघावं लागतं पोरी. मी काय बघितलंच न्हाई असं समज.” मी चहा प्यायले. त्यांचा राग आला नाही असं म्हणणार नाही. खूप आला. चांगली माणसं गप्प बसतात म्हणून तर पकडीला धार येते.

घरी अप्पांनी, माझ्या वडिलांनी, सगळं ऐकून घेतलं. मग आज्याची गोष्ट काढली. माझा आजा सोलापुरातल्या गिरणीत कताई खात्यात होता. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे आमच्या माणसाला घेत नसत. तेव्हा मागात आडवा दोरा घेऊन धावणाऱ्या लाकडी धोट्यातली सुताची कांडी बदलली की नवा दोरा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचे. आमच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला कसा लावायचा? आजा जन्मभर सूत कातत राहिला. त्या सुताचं कापड होताना त्याने दारातूनच पाहिलं.

“आज्याला आतसुदिक घेतलं न्हाई,” अप्पा म्हणाले. “तुला आत तरी घेतलं. वायर तर वायर. काय बिगडतंय?”

धोटा गेला. तोंडाने दोरा ओढणं गेलं. काचेचा पडदा आला, परदेशी माग आला. आणि मालकाने बाजारात जाऊन शोधून, निवडून, एक नवा धोटा आणला, ती वायर. माझ्यासाठी. बापाला तीही बढती वाटली. मी अप्पांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. ते भिंतीकडे तोंड करून बसले.

दिवाळी जवळ आली तसा मालकाचा फोन आला. ऑर्डर मोराचीच होती, व्यापारी दुसरं काही घ्यायला तयार नव्हता. आवाजात साखर.

“मॅडम, झालं गेलं सोडा की. या कामाला. नवी वायर आणलीय. लई भारी, जाड. आता तुमची नक्षी तुटायची न्हाई.”

मला हसूच आलं. माणूस एवढा अडला होता, तरी त्याने वायर काढली नव्हती. चांगली वायर आणली होती.

“ती भाच्याला लावा,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मोर मी दिला नाही. त्याची ऑर्डर गेली. माझी नोकरी गेली. मालकामालकांत बोलणं होतं, मला बरेच दिवस कुणी दारात उभं केलं नाही. अप्पा अजून माझ्याशी मोजकंच बोलतात. याला विजय म्हणत असाल तर म्हणा. मी म्हणत नाही.

परवा एका छोट्या कारखान्यात नक्षी घेऊन गेले. तिथेही पॅनेलला एक वायर लोंबत होती. कशासाठी, कुणासाठी, मी विचारलं नाही. आता मी विचारत नाही. मी पट्टा ओलांडला, वायर काढली, त्या मालकाच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि पेन ड्राइव्ह थेट पॅनेलला लावला. लावलेल्या हाताचं बोट तिथेच ठेवलं. मालक बघत राहिला. टेबलावर, वायरीच्या शेजारी, त्याची पकड पडलेली होती.

“उचलायची असेल तर आत्ताच उचला,” मी म्हणाले. “मी हात काढणार नाही.”